आठ बिटांचा कान

बावन्नाव्या वर्षी परीक्षा पास झाले,
बँकेत कुणाला सांगितलं नाही.
दिल्लीहून लिफाफा आला, आत चार-पाच अक्षरं नि एक आकडा:
माझं हवेतलं नाव.

खंडकरकाका म्हणाले, सेट घे. खरा. बटणाचा.
बोटानं फिरव, कानानं पकड.
संगणकातला रेडिओ म्हणजे
चित्रातलं श्रीखंड.
त्यांच्या खोलीत तापलेल्या व्हॉल्व्हचा वास,
भिंतीवर देशोदेशींची कार्डं, काही उलटी लावलेली.
मी मान हलवली.
ते डावीकडे बसले होते,
मला अर्धंच ऐकू आलं.

डाव्या कानाचं त्यांना ठाऊक नाही.
ताप नाही, मार नाही, एका मंगळवारी
काउंटरवर नोटा मोजता मोजता तो गेला,
खातं बंद करून खातेदार जातो तसा,
वर न बघता.
उजवा आहे. पण बारीक आवाज
त्यालाही आता सुटतात.

रात्री वहीत तीन रकाने आखले.
पहिला अंगठ्याएवढा. फक्त ऐकतो. आठ बिट.
दुसरी काळी डबी, चौदा बिट,
किंमत आमच्या दोन महिन्यांच्या दूध-भाजी-पेट्रोलाची.
तिसरा बोलतोसुद्धा.
त्याची किंमत लिहिली आणि वर रबर ठेवलं.

आठ बिट म्हणजे दोनशे छप्पन्न पायऱ्या.
चौदा म्हणजे सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी.
मी हिशेबाची बाई, मला कळतं ते.
शेजारी कुणी ओरडत असेल
तर दोनशे छप्पन्नांत
कुजबुजीला उभं राहायला पायरी उरत नाही.

तरी पहिलाच मागवला,
सोबत सात मेगाहर्ट्झला वर उचलून देणारी एक डबी.
माझ्याही कानाच्या पायऱ्या मोजक्याच.
जमेल आमचं.

तार बांधली अगासीवर,
दहा मीटर इकडे, दहा मीटर हसुमतीबेनच्या टाकीकडे,
आणि तीही उत्तरायणाच्या चार दिवस आधी.
शहाणपण!
वासी उत्तरायणाच्या संध्याकाळपर्यंत
तारेवर अकरा पतंग, मांजाचा गुंता,
नि कुणाची तरी कागदी टोपी.
हसुमतीबेन उंधियूची वाटी घेऊन आल्या, वर बघत म्हणाल्या,
आ शुं सुकव्युं छे?

पडदा उघडला.
निळा धबधबा, खाली खाली उतरणारा, न भिजवणारा.
त्यात आमच्या इन्व्हर्टरच्या जाड रेघा,
जिन्यातल्या ट्यूबची दाते असलेली फणी.
आमचं घर एवढं बडबडं आहे
हे मला पहिल्यांदा कळलं.
आणि त्या गलबल्याच्या कडेला
एक पिवळी रेघ, केसाएवढी,
तुटत, जुळत, तुटत.
कानात काही नव्हतं.
रेघेवर बाण नेऊन ठेवला तेव्हा
फार आतून आलं:
दा दिट दा दिट.

सकाळी सातला अचानक
पडदा या काठापासून त्या काठापर्यंत पांढरा.
रेघ गेली. इन्व्हर्टरही गेला.
मी फोन लावला.
काका, पॉवर कमी करा.
तुला कसं कळलं मी हवेत आहे?
दिसलात.
थोडा वेळ काही नाही. मग: दिसलो?
दिसलात काका. तीन गल्ल्या ओलांडून, अख्खे.
आणि मला डावीकडून ऐकू येत नाही,
हे फोनवरच सांगून टाकलं,
उजव्या कानाला लावून.

पांढरं ओसरलं.
खाली ती रेघ अजून चालू होती,
कोण, कुठून, उलगडलं नाही,
माझा मोर्स अजून अडखळतो.
वहीत वेळ लिहिली, फ्रिक्वेन्सी लिहिली.
छापील रकाना होता 'ऐकलं'.
तो खोडून वर
पेन्सिलीनं लिहिलं, दिसलं.

अगासीवर जाऊन पतंग काढायचे राहिलेत.